आंजर्ल्याचं भाड्याचं घर आणि आमची सत्तावीस माणसं

आधीच सांगते, घर आमचं नव्हतं. मे महिन्यात कोकणात गेलो होतो, पाच दिवस, आजीला धरून सत्तावीस जण, असं कोणालाही सांगितलं की समोरचा लगेच विचारतो "गावचं घर का?" आणि मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. गावचं घर आहे आमचं. दापोली तालुक्यातच आहे, आम्ही राहिलो तिथून गाडीनं पाऊण तासावर. पण त्याला २०२० पासून कुलूप आहे.

३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. लॉकडाऊन होतं त्यामुळे गावी आमचं कोणीच नव्हतं, मोबाईलचे टॉवर गेलेले, लाईटचे खांब आडवे, शेजारच्या काकांचा फोन लागला तोच मुळी चौथ्या दिवशी, की मागच्या पडवीवर फणस पडलाय आणि पुढच्या अंगाची कौलं सगळी उडालीत. तिथून आमच्या भाऊकाकांचं आणि नानांचं बिनसलं. भाऊकाका म्हणाले पाऊस तोंडावर आहे, पत्रे घालून झाकून घेऊ, नाना म्हणाले बाबांच्या घरावर पत्रे चढू देणार नाही, वासे बदलू आणि कौलंच घालू, मग पैसे कोणी किती घालायचे, मग ज्यानं जास्त घातले त्याचा हक्क जास्त का, मग वाटणीचा विषय निघाला आणि तो एकदा निघाला की कोकणात काय होतं ते वाचणाऱ्या निम्म्या लोकांना माहितीच असेल. शेवटी घरावर ताडपत्री, दाराला कुलूप, आणि दोघे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद. लग्नकार्याला दोघंही यायचे, पण एकाची पंगत उठली की दुसरा बसायचा. माझे बाबा मधले, दोन्हीकडून ऐकून घेणारे.

यंदा आजी चौऱ्याऐंशीची झाली. तिचं सहस्रचंद्रदर्शन राहूनच गेलं, कारण करायचं कोणाच्या घरी, भाऊच्या की नानाच्या, हे कधी ठरलंच नाही. या वेळी आत्यानं विषय काढला तर आजी म्हणाली, मला पूजा नको नि साडी नको, आंबे असताना मला कोकणात न्या, सगळे चला. एवढंच.

म्हणून आम्ही चुलत-आते भावंडांनीच मनावर घेतलं. आम्ही नऊ जण. पहिलं ठरवलं ते हे की पैसे आपण नऊ जणांनी सारखे भरायचे, काका-आत्यांकडून एक रुपया घ्यायचा नाही, कारण ज्याचा रुपया त्याचा शब्द मोठा होतो. दुसरं हे की रिसॉर्ट नको. यावर ग्रुपवर आठवडाभर चर्चा झाली, एसी खोल्या, स्विमिंग पूल, आयतं जेवण, सगळं खरं, पण मी अडूनच बसले. सत्तावीस माणसांना दहा खोल्या दिल्या की दहा दारं बंद होतात, जेवायला प्रत्येक टेबल वेगळं, मुलं मोबाईल घेऊन आपापल्या एसीत. आम्हाला एक चूल हवी होती आणि एक पडवी. आंजर्ल्याला वरच्या अंगाला डोंगरउतारावर एक जुनं जांभ्याचं घर मिळालं, अख्खं, दिवसाला साडेतेरा हजार, चार रात्रींचे चोपन्न, म्हणजे आमचे प्रत्येकी सहा. मुलांसकट एवढ्या माणसांना त्या पैशात हॉटेल मिळालं नसतं हेही आहेच.

ठाण्या-डोंबिवलीची आम्ही ट्रॅव्हलरनं, पुण्याची मंडळी ताम्हिणीतून, आणि माणगावला वडा-पाव खाऊन पुढे एकत्र, लोणेरे फाट्याला आत, गोरेगाव, आंबेत, मंडणगड, दापोली. कुडाळची आत्या कोकण रेल्वेनं खेडला उतरली, दापोलीला रेल्वे नाही त्यामुळे तिला आणायला एक गाडी खेडला. मंडणगडनंतर आजीनं खिडकी उघडायला लावली आणि एसी बंद. दापोली सोडून आसूदच्या उताराला लागलो तशी ती बोलायलाच लागली, की लग्न होऊन आले तेव्हा हा रस्ता कुठला, भाऊच्या धक्क्यावरून बोट, हर्णैला बोट लांब पाण्यात उभी राहायची, तिथून पडावात उतरायचं, मला बोट लागलेली, सासरच्या माणसांसमोर पहिली ओळख ती तशी. आणि आंजर्ल्याला यायचं तर खाडी होडीनं. आता पुलावरून आम्ही दोन मिनिटात पलीकडे.

गाडी घरापर्यंत जात नाही हे घरमालकांनी आधी सांगितलेलं. खालून पाखाडी चढायची, जांभ्याच्या ऐंशी पायऱ्या. दोन कुकर, वीस किलो तांदूळ, गाद्या, बाळाचा पाळणा, सगळं हातोहात वर गेलं, आणि आजी प्लास्टिकच्या खुर्चीत, चार नातू चार पायांना. मधे दोनदा टेकवली. ती बाजूच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, हात लावून बघायची, शेवाळ सुकलेलं, म्हणाली पावसात याला हिरवं मखमल असतं.

घर म्हणजे काय सांगू, पुढे खळं शेणानं सारवलेलं, मग पडवी, ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर, वर माळा, मागच्या दाराला विहीर आणि न्हाणीघर, आणि उतारावर खाली आगर, माड आणि पोफळी, त्याच्या शेंड्यांमधून समुद्र. दिवसा समुद्र दिसतो आणि रात्री नुसती गाज. बायका माजघरात, पुरुष ओटीवर आणि पडवीत, पोरं माळ्यावर, पण माळा कौलांखाली इतका तापायचा की पोरं रात्री अकराशिवाय वर जायचीच नाहीत.

घर सांभाळणाऱ्या काका-काकी शेजारच्याच वाडीत राहतात. पहिल्या संध्याकाळी काका पडवीच्या पायरीवर बसले होते तेव्हा मी विचारलं की आगरात मधे मधे एवढी मोकळी जागा कशी, तर म्हणाले "वादळात झोपली ना ताई सगळी. पोफळी काडीसारख्या मोडल्या. नारळ उरले ते धा-बारा." सुपारी लावली की धरायला पाच-सात वर्षं जातात, माडाचंही तसंच, तोपर्यंत खायचं काय, म्हणून मालकांनी घर दुरुस्त करून भाड्यानं द्यायला काढलं. म्हणजे ज्या वादळानं आमचं घर बंद झालं त्याच वादळानं हे घर उघडलं. भाऊकाका मागे आरामखुर्चीत होते, त्यांनी ऐकलं. ते उठून पडवीच्या टोकाला गेले आणि वर बघत राहिले, वाशांकडे, मग कौलांकडे. निम्मी कौलं जुनी काळी पडलेली, निम्मी नवी लाल. पत्रा कुठेच नव्हता. काही बोलले नाहीत ते.

आता स्वयंपाकघराबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त हेच लिहायचं होतं. लहानपणी गावच्या घरी आम्ही मे महिनाभर असायचो आणि माझ्या आठवणीत आई कायम मागच्या दारी आहे. वीस-पंचवीस पानं सकाळी, तेवढीच रात्री, चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या, वाटण पाट्यावर, आणि त्यात थोरल्या जावेचा शब्द, सासूचा शब्द, मुंबईहून आलेल्या नणंदेचा शब्द. आम्हाला ती सुट्टी होती, तिला नव्हती. या वेळी माझी एकच अट होती की आजी, आई, दोन्ही काकी आणि आत्या यांनी स्वयंपाकघरात पाय ठेवायचा तो फक्त आपल्या मर्जीनं. आम्ही भिंतीवर कागद चिकटवला, प्रत्येक जेवणाला चार जणांची टोळी, त्यात दोन तरी पुरुष पाहिजेत. आणि झालं ते नीट. माझ्या नवऱ्यानं आणि पुण्याच्या भावानं मिळून कुळथाचं पिठलं आणि भात केला, बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा तीस घावणे घातले, पहिले पाच तव्याला चिकटले, सहाव्याला जाळी पडली आणि मग कोणी उलथनं मागितलं तरी द्यायला तयार नाहीत. आई पडवीत बसून आंबा खात होती. नुसती बसून आंबा खात होती, रस कोपरापर्यंत, आणि कोणी तिला हाक मारत नव्हतं. त्याचा फोटो मी काढलाय, तो कोणाला पाठवलेला नाही.

आणि भाड्याच्या घरात अजून एक झालं जे आमच्या घरात कधी झालं नसतं. तिथे कोणीच यजमान नव्हतं. डबा कुठे ठेवलाय हे कोणालाच माहीत नाही, त्यामुळे "आमच्यात असं नाही ठेवत" म्हणायला जागा नाही. थोरल्या काकीला आणि नानांच्या काकीला दोघींनाही साखर शोधावी लागली, आणि शोधता शोधता दोघी एकाच फडताळासमोर उभ्या, तेव्हा बोलणं झालंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला टाकी रिकामी. सत्तावीस माणसांच्या आंघोळी म्हणजे काय ते आम्ही शहरातली माणसं विसरलोच होतो. पंप लावायला गेलो तर लाईट नाही, दुपारी लाईट आली तर पंपच जळला, दुरुस्तीवाला दापोलीहून येणार तो परवा. मग राहिला रहाट. विहीर खोल, मे महिना त्यामुळे पाणी तळाला, पण झरा जिवंत होता, काढलं की पुन्हा भरायचं. एकानं रहाट ओढायचा, दुसऱ्यानं वर आलेला पोहरा धरून डोणीत ओतायचा, तिथून पोरांनी बादल्यांनी न्हाणीघरात. पहिला तासभर भाच्यानं आणि मी केलं, हाताला फोड आले, तेव्हा भाऊकाका आले आणि म्हणाले सरका. अडुसष्ट वय आहे त्यांचं. पण लहानपणी रोज केलेलं काम हात विसरत नाहीत, एका लयीत ओढत होते. पोहरा धरायला माझा भाचा होता, तो निम्मं पाणी सांडवायचा, आणि मग नाना न्हाणीच्या दारातून हे बघत होते ते आले, पोराला खांद्याला धरून बाजूला केलं आणि स्वतः काठावर पाय देऊन उभे राहिले. आम्ही सगळे गप्प. मला वाटतं अर्धा तास ते दोघं पाणी काढत होते. त्या अर्ध्या तासात जे शब्द झाले ते सगळे मला पाठ आहेत, "सोड", "ढिलं सोड", "आला", "बास". पाच वर्षांनी. आजी मागच्या दारात खुर्चीवर होती, तिनं फक्त पदर सारखा केला.

लगेच गळ्यात पडले वगैरे काही नाही. दुपारी जेवायला पुन्हा एक या टोकाला, एक त्या टोकाला. पण पंगत एकच होती.

हर्णैला संध्याकाळी माशांच्या लिलावाला आम्ही दहा-बारा जण गेलो. होड्या लागलेल्या, वाळूत माशांचे ढीग, बोली इतक्या भराभर चालते की आपल्याला कळेपर्यंत ढीग दुसऱ्याचा झालेला असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते त्यामुळे मे महिन्यात सगळ्यांचीच घाई. आम्ही शेवटी कोळणीकडून सुरमई, बांगडे आणि कोळंबी घेतली. घरमालकांची अट होती की मासे घरात शिजवायचे नाहीत, परसातल्या चुलीवर चालेल, आणि ती आम्ही मनापासून पाळली, भांडीसुद्धा वेगळी. चुलीवरचं बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण आणि भात, परसात अंधारात, कंदिलाच्या उजेडात, पानं मांडीवर. कडेला समुद्रावर सुवर्णदुर्गाची नुसती काळी रेघ.

आणि रातांबे, म्हणजे कोकमाची फळं. घराच्या मागे रातांब्याची दोन झाडं, खाली लाल सडा पडलेला. काकी म्हणाल्या "आमचं करून झालंय, तुम्ही काढा नि न्या." आजीनं हे ऐकलं आणि त्या क्षणापासून ती पाहुणी राहिली नाही. पोरांना टोपल्या, पुरुषांना काठ्या, आम्हाला सुऱ्या. रातांबा आडवा कापायचा, आतला गर आणि बिया एका पातेल्यात, साल एका सुपात. गरात मीठ घालून ठेवायचं, त्याला सुटतो तो रस म्हणजे आगळ, बाजारात बाटलीत मिळतं तेच. सालं पहिल्या दिवशी नुसती वाळवायची, दुसऱ्या दिवशी आगळात बुडवून पुन्हा उन्हात, तिसऱ्या दिवशी पुन्हा. हे एक एक पूट. आजीच्या हिशेबानं सात पुटं झाली पाहिजेत, तेव्हा ते आमसूल काळंभोर, मऊ आणि वर्षानुवर्षं टिकणारं होतं. बियासुद्धा फेकायच्या नाहीत, वाळवून ठेवायच्या, त्याचं मुठेल निघतं, पायाच्या भेगांना त्याच्यासारखं औषध नाही. माझ्या मुलीनं आयुष्यभर आमसूल डब्यातून निघताना बघितलेलं, तिला ते झाडाला लागतं हेच माहीत नव्हतं, आणि तिचे हात दोन दिवस जांभळे होते ते ती सगळ्यांना दाखवत फिरत होती.

मीठ घालताना नानांनी बोट बुडवून चाखलं आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, मीठ कमी आहे. भाऊकाका सालं पसरत होते, आजीची जुनी साडी खळ्यात अंथरलेली तिच्यावर, ते साडीकडेच बघून म्हणाले, आई एवढंच घालायची. आजी म्हणाली, अजून एक मूठ घाला. दोघंही गप्प.

चौथ्या दिवशी कड्यावरच्या गणपतीला गेलो, तिथे वरपर्यंत गाडी जाते म्हणून आजीला नेता आलं. देऊळ पूर्वी खाली समुद्राकाठी होतं, पाणी चढायला लागलं तसा देव वर कड्यावर आला असं इथे सांगतात, वाटेत त्याचं पाऊलही दाखवतात. आजी बराच वेळ उजव्या सोंडेच्या मूर्तीसमोर बसली, काय मागितलं ते सांगितलं नाही. येताना तिला विचारलं, आपल्या घराकडे गाडी वळवायची का, लांब नाही. ती म्हणाली नको, कुलूप बघायला कशाला जायचं. गाडीत पुढे भाऊकाका होते, मागच्या सीटवर नाना.

निघायच्या दिवशी सकाळी तिसरं पूट दिलं आणि सालं ओलीच होती. मृग लागायच्या आत सगळी पुटं व्हायला हवीत, पावसात आमसूल वाळत नाही, बुरशी धरतं. मग आजीनंच वाटण्या केल्या. हा शब्द आमच्या घरात गेली पाच वर्षं कोणी उच्चारत नव्हतं, पण तिनं तोच वापरला, या, वाटण्या करते. नऊ डबे मांडले, मोजून सालं घातली, आणि आगळ बाटल्यांमधून, कोणाला पाव कोणाला अर्धी, जसं हाताला आलं तसं. राहिलेली चार पुटं ज्यानं त्यानं आपापल्या घरी द्यायची. पाखाडी उतरताना खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना नातू होते. मागे एका बाजूला नाना आणि दुसऱ्या बाजूला भाऊकाका, मी म्हणलं तुम्ही कशाला, तर ऐकलं नाही.

घरी आल्यावर आठवडाभर फॅमिली ग्रुपवर नुसती आमसुलं. पुण्याच्या गच्चीवर ताटात, माझ्याकडे ग्रिलमधे वर्तमानपत्रावर, कुडाळला आत्याच्या अंगणात सुपात. "आमचं चौथं." "आमच्याकडे ढग, आज नाही." भाऊकाका त्या ग्रुपवर होते पण कधी लिहायचे नाहीत, नाना तर वाचायचे की नाही तेही माहीत नव्हतं. सातव्या दिवशी सकाळी सहा-सव्वासहाला डोंबिवलीच्या गॅलरीतला फोटो आला, स्टीलचं ताट, वर्तुळात मांडलेली सालं, खाली भाऊकाकांनी लिहिलेलं, सहावं.

दहा मिनिटांनी त्याच्याखाली नाना, "मीठ कमी पडलंय. रंगावरून कळतं."

मग बराच वेळ काही नाही. मी चहा ठेवला, मुलीला उठवलं, पुन्हा येऊन बघितलं.

"तुझ्याकडे आगळ उरलंय का"

"आहे. अर्धी बाटली."